ट्रूसबाईंची अंबाडी

२० एप्रिल, रविवार. सकाळ

डायरी पुन्हा सुरू. मागच्या वर्षीची चामड्याच्या कव्हरची होती. तिच्यात काही लिहायचं तर आधी काहीतरी मोठं घडायला हवं असं वाटायचं, म्हणून ती कोरीच राहिली. ही सुपरमार्केटमधली साधी वही आहे. हिच्यात काहीही चालेल.

शेजारच्या ट्रूसबाई घराची किल्ली घेऊन आल्या. मंगळवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर मे महिना संपेपर्यंत पुनर्वसन केंद्रात मुक्काम. माळ्यावर त्यांची पाच झाडं आहेत, त्यांना पाणी घालायचंय. खरं तर त्या माझ्या बायकोला, ललिताला विचारायला आल्या होत्या. पण ललिता कंपनीच्या कामासाठी तैवानला गेलीय, जून उजाडल्याशिवाय परत येत नाही. म्हटलं, मी आहे ना. बाईंनी पुढे केलेली किल्ली जरा मागे घेतली, मग दिली. भरून आलं असावं.

बोलणं सगळं डचमध्ये, माझ्या आग्रहावरून. बाईंना इंग्रजी उत्तम येतं, पण मग माझा सराव कधी होणार? नव्वद टक्के कळलं. हाताच्या बोटांना संधिवात आहे, रात्री झोप लागत नाही, ही झाडं म्हणजेच त्यांचं औषध. त्या परत येतील तेव्हा तयार होतील, मग वर्षभर पुरतील. झाडांचं नाव दोनदा सांगितलं: वीट. व्हीट म्हणायचं असणार, गहू. आठवड्यातून दोनदा पाणी, बाकी 'नीत्स दून', म्हणजे काहीही करायचं नाही. निघताना माझा हात धरून 'टॉपन, टॉपन' असं काहीतरी कळकळीने म्हणाल्या. डच माणूस खूश झाला की 'टॉप' म्हणतो.

त्याच दिवशी, दुपार

माळ्यावर जाऊन आलो. तो गहू नाही. अंबाडी आहे.

देवळीला आमच्या अंगणाच्या कडेने अंबाडी असायची. तीच पंजासारखी पानं, त्याच कातरलेल्या कडा. आई कण्या घालून भाजी करायची, वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. नायमेखनमध्ये इतकी वर्षं काढली, अंबाडी कधी नजरेला पडली नाही. नाही म्हणायला ॲमस्टरडॅमच्या टुरिस्ट दुकानांत मोज्यांवर आणि टोप्यांवर अंबाडीचं पान छापलेलं असतं. ते बघून मला दर वेळी बरं वाटतं. एका साध्या पालेभाजीला या लोकांनी जो मान दिला तो आपण दिला नाही. मागच्या ट्रिपला भावासाठी तसे मोजे नेले होते. तो ते तहसील कचेरीत घालून जातो.

ललिताला काही कळू द्यायचं नाही. ती येईल त्या दिवशी ताटात अंबाडीची भाजी. सरप्राइज.

खालच्या पानांवर बारीक पिवळसर ठिपके दिसले. बाई याबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लक्षात आलं नसणार.

२२ एप्रिल

ठिपके वाढलेत. किंवा परवा मी नीट मोजले नव्हते. वाढलेत असं धरून चालतो.

ट्रूसबाईंचं नशीब चांगलं. माझे वडील कृषी सहाय्यक होते, उभा जन्म लोकांच्या पिकांवरचे रोग ओळखण्यात गेला. मी ऑफिसात प्रॉब्लेम मॅनेजर आहे. सिस्टिम पडली की ती उभी करणं हे माझं काम नाही, ती का पडली हे शोधणं माझं काम. रूट कॉज. झाडाला तर रूट असतातच.

ललिताचा फोन. म्हणाली, ट्रूसच्या झाडांना पाणी घाल आणि हात लावू नकोस. मग आमच्या कढीपत्त्याचा विषय काढला. कढीपत्ता मी बरा करून करून मारला, असं तिचं मत आहे. मत आहे.

मग हसत म्हणाली, तुझ्या पाचव्या शीलाला चालतंय ना हे सगळं? पाचवं शील नशापाण्यापासून दूर राहण्याचं. इथे त्याचा काय संबंध? तिला दुसरं म्हणायचं असणार, न दिलेली वस्तू न घेण्याचं. पानं खुडू नकोस असा तो इशारा. शीलांचे नंबर तिचे नेहमी चुकतात. मी पुढे बोलू दिलं नाही, सरप्राइज फुटलं असतं.

२४ एप्रिल

समताला टॉर्च धरायला माळ्यावर नेलं. तिने झाडांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत झाडांकडे, आणि एकदम इंग्रजीत सुरू झाली. मी थांबवलं. घरात, आणि शेजाऱ्यांच्या माळ्यावरही, मराठीतच बोलायचं. नियम म्हणजे नियम. ती चौदा वर्षांची झाली, आता नाही शिकली तर कधी शिकणार? तिने बराच वेळ शब्द शोधला. शेवटी म्हणाली, पप्पा, हे गवत आहे.

शास्त्रीयदृष्ट्या गहू हे एक प्रकारचं गवतच. म्हणजे बाईंनी तिलाही गहू म्हणूनच सांगितलंय. मी तिला गवत आणि पालेभाजी यांतला फरक सविस्तर समजावला. तिने मधे दोनदा डचमध्ये काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मी ओठांवर बोट ठेवलं. मग ती ओके म्हणाली आणि टॉर्च माझ्या हातात देऊन गेली.

पण पूर्ण वाक्य मराठीत बोलली. ही प्रगती आहे.

२६ एप्रिल, शनिवार. किंग्ज डे

राजाचा वाढदिवस, सगळं गाव केशरी. चौकात अश्वजित भेटला. आमच्या रविवारच्या बुद्धवंदना ग्रुपमधला मुलगा, झाडांवर पीएचडी करतोय. हातात बिअरचा कॅन. ग्रुपचा सेक्रेटरी म्हणून मला बोलणं भाग होतं. त्याच्या मित्रांसमोरच त्याला पाचव्या शीलाची आठवण दिली, पण सौम्यपणे. त्याने कॅन पाठीमागे धरला.

मग त्याला ठिपक्यांचा फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला. सर, हे कोणाकडे आहे, विचारलं. म्हटलं, मीच सांभाळतोय. हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे ना सर, म्हणाला. मला हसू आलं. म्हटलं, अरे लहानपणापासून खातोय, आईच्या हातचं.

अश्वजित फुटपाथवर बसला. माझ्याबद्दलचा त्याचा आदर वाढल्याचं मला स्पष्ट जाणवलं. थोड्या वेळाने त्याने कॅन परत पुढे आणला.

ठिपक्यांबद्दल म्हणाला, हा लाल कोळी आहे. पानांच्या मागून साध्या पाण्याचा फवारा मारा, आठवड्यात जाईल. थिअरी. कोळी शेतकऱ्याचा मित्र असतो हे मला वडिलांनी शेंबड्या वयात शिकवलंय. पानांमागे बारीक जाळी मला आधीच दिसली होती. ती मी मुद्दाम जपली आहे.

३० एप्रिल

निदान झालं. ऑफिसची पद्धत वापरली: पाच वेळा 'का' विचारायचं. ठिपके का? अन्न कमी. अन्न कमी का? माती मेलेली. मेलेली का? पिशवीतून विकत आणलेली. पिशवीतून का? इथे सगळंच पिशवीतून येतं. पाचव्या 'का'ची गरज पडली नाही.

उपाय एकच, जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर जिवंत माती. गूळ-बेसन सुरिनामी दुकानात मिळालं. शेणासाठी सायकलने वाल नदीच्या पुलापलीकडे एका शेतकऱ्याकडे गेलो. त्याने विचारलं, किती हेक्टर आहे? म्हटलं, पाच कुंड्या. तो आत जाऊन बायकोला घेऊन आला. मी तिलाही समजावलं. बादलीभर शेण दिलं. गोमूत्राचं मात्र त्यांना जमणार नाही म्हणाले. गाय समोर उभी होती, पण आग्रह केला नाही.

४ मे

माळ्यावर, गरम पाण्याच्या टाकीजवळ, चार दिवस मुरवलेलं जीवामृत आज घातलं. वास भरपूर. तिथली खिडकी उघडली नाही, उपयोगी जंतू बाहेर गेले असते.

७ मे

मातीवर बारीक काळ्या माश्या घोंगावताहेत. माती जिवंत झाल्याचं लक्षण.

ठिपके मात्र वरच्या पानांवर चढलेत. त्यावर ताक आणि हळदीचा फवारा. पानं पिवळी दिसायला लागली, पण ती हळदीने. यामुळे आता रोगाचा पिवळा कोणता आणि हळदीचा कोणता हे ओळखण्यासाठी बारीक नजर लागते. ती माझ्याकडे आहे.

ऑफिसात एक चांगला बदल. हल्ली मी जाकीट माळ्यावरच अडकवतो आणि सकाळी तिथूनच घालून निघतो. तर ज्या दोन मुलांनी मला आजवर कधी हाक मारली नव्हती, त्यांनी लंचला बाहेर बागेत बोलावलं. म्हणाले, तू आम्हाला वाटलं होतं तसा नाहीस. शेतीने माणूस मोकळा होतो.

१० मे, शनिवार

हळद धुतली. खाली तपकिरी डाग निघाले. पानांच्या कडाही जळल्यासारख्या. म्हणजे मूळ रोगाच्या आड दुसरा रोग लपला होता: करपा. मी फवारा मारला नसता तर तो दिसलाच नसता.

गार्डन सेंटरला गेलो. तिथल्या गृहस्थांना फोटो दाखवला. ते गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, स्वतःपुरतं का? म्हटलं, छे, अख्ख्या कुटुंबासाठी. मुलगी अजून तोंड वाकडं करते पण तिला सवय लावणार आहे. जास्त झाली तर आमच्या ग्रुपमध्ये वाटणार. त्यांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाल्या, आम्ही तुम्हाला मदत करू शकत नाही. इतकं मोठं सेंटर, आणि एका पालेभाजीबद्दल कोणाला काही सांगता येईना. कडुनिंबाचं तेल घेऊन परत आलो.

१३ मे

झाडांवर बाईंनी जो मोठा दिवा टांगलाय, त्याला टायमर आहे हे आज कळलं. निम्मा दिवस दिवा बंदच असतो. बाईंची काटकसर. रोगाला अंधार मानवतो. टायमर काढून ठेवला, दिवा आता चोवीस तास. कडुनिंबाचं तेल फवारलं.

ललिता विचारत होती झाडं कशी आहेत. म्हटलं, माझ्या हातात आहेत. ती म्हणाली, तीच भीती आहे. फोनवर विनोद कळत नाहीत तिचे.

१५ मे

गंभीर. शेंड्यांकडच्या पानांवर पांढरी भुकटी. साखर भुरभुरल्यासारखी, भिंगातून बघितली तर बारीक काचेचे मणी. बोटाला चिकटते, आणि ट्रूसबाईंच्या माळ्याला जो उग्र वास आहे तो तिचाच. निदानाला एक मिनिट लागलं: भुरी. नक्की भुरी.

भांड्यांचा साबण कोमट पाण्यात मिसळून, मऊ टूथब्रशने, एकेक पान. पाचपैकी दोन झाडं झाली. पाठ धरली आहे. बाईंना सांगणार नाही. उपकार बोलून दाखवू नयेत.

१८ मे, रविवार

बुद्धजयंतीचा कार्यक्रम. माझं भाषण: परदेशातील तरुण आणि पाचवं शील. चांगलं झालं. सुरुवातीला पहिल्या रांगेतली मंडळी उठून मागे गेली, आणि मागची तरुण मंडळी पुढे येऊन बसली. याआधी असं कधी झालं नव्हतं. मनाचा तोल कसा जातो हे सांगताना मी जाकीट काढून पोडियमवर ठेवलं. दोघं-तिघं खोकले. अश्वजित शेवटपर्यंत मान खाली घालून बसला होता, खांदे हलत होते. त्याला आत कुठेतरी लागलं असावं. किंग्ज डेच्या दिवशी मी जरा कडक बोललो होतो का?

संपल्यावर त्याने बाजूला घेऊन विचारलं, सर, तुमच्याकडे तयार झालं की मला थोडं मिळेल का? पोराला घरच्या जेवणाची आठवण येत असणार. म्हटलं, झाडं माझी नाहीत, बाईंना विचारून देईन, जुडीभर. जुडीभर हा शब्द ऐकून त्याने डोळे मिटले.

२० मे

भुरी साफ. पण आता शेंड्याशेंड्यावर गाठी. अंगठ्याएवढ्या, फुगीर, त्यांतून पांढरे केस निघालेले, काही केस तांबूस होत चाललेले. आयुष्यात इतका घाणेरडा रोग बघितला नाही. वडिलांनी सांगितलेल्या कुठल्याच रोगाशी जुळत नाही. केसाळ गाठ हे नाव मी दिलंय.

ठरवलं: कापायच्या. सगळ्या.

समता दारातून बघत होती. पळत आली, माझा हात धरला. पप्पा नको, म्हणाली, ट्रूसचं ते… आणि थांबली. शब्द नव्हता तिच्याकडे. डचमध्ये बोलायला लागली, रडवेली झाली होती. मुलीला झाडांबद्दल इतकी माया आहे हे मला माहीत नव्हतं. तिला सांगितलं, कधी कधी वाचवण्यासाठीच कापावं लागतं. कढीपत्त्याच्या वेळी मी हात आखडता घेतला, ती चूक पुन्हा करणार नाही.

कात्री आफ्टरशेव्हने पुसून घेतली. पाचही झाडं मोकळी झाली. गाठींनी एक अख्खी पिशवी भरली. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकली. गुरुवारी ट्रक येतो.

२४ मे, शनिवार

समता मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना दार जोरात लावलं.

छाटणीत बरीच चांगली पानं निघाली होती, ती फ्रिजमध्ये होती. टाकवेना. ललितासाठी करायच्या आधी एकदा हात बसवून बघावा म्हणून थोडी भाजी केली. पानं तेलात चांगली परतली, कण्या, लसूण, मिरची. चव घेतली. आंबट नाही. अंबाडी आणि आंबट नाही. इथल्या उन्हाचा दोष. चिंच घातली. दोन भाकरींबरोबर जेवलो.

भाजी चांगली झाली होती असं म्हणता येणार नाही, पण तिसरी भाकर मी बराच वेळ हातात धरून होतो. भाकरीला दोन बाजू असतात. एक दिसते तेव्हा दुसरी दिसत नाही. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मग वडिलांची फार आठवण आली. त्यांची सायकल आठवली. सायकलची घंटी ऐकू आली, ती रस्त्यावरची होती. खिडकीतून त्या माणसाला धन्यवाद दिले.

मग फ्रिजमधलं चीज, दही, समताचे दोन पुडिंग आणि लोणच्याची बरणी संपवली. सोफ्यावर पडलो ते रविवारीच उठलो. अंबाडीत लोह भरपूर असतं. सवय मोडलेल्या शरीराला ते एकदम मिळालं की असं होतं. ललिताला बेताने वाढायला हवी.

२८ मे

झाडांना आता तीन-चार पानं प्रत्येकी. पण ठिपका एकही नाही. भुरी नाही, गाठ नाही. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. बाई शनिवारी येतात. 'नीत्स दून' म्हणाल्या होत्या. मी नीत्स दून केलं असतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही.

३१ मे, शनिवार. संध्याकाळ

दुपारी ट्रूसबाई कुबड्यांवर घरी आल्या. माळ्यावर चढणं जमणार नव्हतं, म्हणून पाचही कुंड्या मी खाली आणून खिडकीत ओळीने मांडल्या. झाडांच्या उरलेल्या काड्या पुसून घेतल्या होत्या. प्रत्येक पान उलटून दाखवलं. एकही ठिपका नाही.

बाई कुंड्यांकडे बघत राहिल्या. मग विचारलं, टॉपन कुठे आहेत? म्हटलं, हो, टॉप. त्यांनी परत विचारलं. मी परत म्हटलं. मग त्यांनी दाराकडे, समताकडे बघितलं.

समता पुढे आली. म्हणाली, टॉपन म्हणजे शेंडे. ज्या गाठी मी कापल्या त्या. बाईंना त्याच हव्या होत्या, त्यांचंच तेल करून त्या रात्री घेतात. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं, टॉपनना हात लावू नका. मग म्हणाली, आज मम्मीला फोन करून मी शब्द विचारून घेतलाय. आणि सरळ उभी राहून, मधे एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाली, पप्पा, हा गांजा आहे.

वाक्य पूर्ण होतं. व्याकरण बरोबर होतं. उच्चारही स्वच्छ. तिने असं मराठी बोलावं म्हणून मी किती वर्षं मागे लागलो होतो.

मी कुंड्यांकडे बघितलं. त्यांच्यावर आता बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, टॉपन टाकले कुठे? समताने सांगितलं, हिरव्या डब्यात. ट्रक कधीच घेऊन गेला होता. बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. कुबडीच्या दांड्यावरून बोटं सुटत नव्हती, ती त्यांनी दुसऱ्या हाताने एकेक करून सोडवली आणि म्हणाल्या, मग आता रात्रीचं काय करू? हे शंभर टक्के कळलं.

१ जून

इंटरनेटवर बघितलं. डचमध्ये 'वीट' म्हणजे गांजाच. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस' असा शब्द आहे, कारण पान गांजासारखं दिसतं. म्हणजे नाव ठेवणाऱ्या शास्त्रज्ञालाही हेच वाटलं होतं. माझी चूक फक्त उलट दिशेने झाली.

हे ललिताला फोनवर सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, ट्रूस झोपली का ते विचार.

जाकीट धुवायला टाकलं. भाषण आठवलं. मग ती शनिवारची भाकर आठवली, आणि वंदनेला कुठल्या तोंडाने जाऊ असं झालं. भावाला मोज्यांबद्दल कळवावं का, ठरत नाही. त्याच्या साहेबांनीही तसेच मागवलेत.

४ जून

सकाळी ऑफिसला निघताना खिडकीतून ट्रूसबाई त्यांच्या स्वयंपाकघरात दिसल्या. कपडे कालचेच. दोन्ही हात गरम पाण्याच्या टोपात बुडवून बसल्या होत्या. मला बघून मान हलवली, हसल्याही. मला फार वाईट वाटलं. ऑफिसात दिवसभर एकाही प्रॉब्लेमचं कारण शोधलं नाही.

संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, सांगा, मी काय करू? इंग्रजीत विचारलं. त्या म्हणाल्या, दुकानात मिळतं, पण कुबड्या घेऊन रांगेत उभं राहणं जमत नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगायला संकोच वाटतो.

७ जून, शनिवार

स्टेशनजवळच्या कॉफीशॉपची रांग. नाव कॉफीचं, विकतात गांजा. इतकी वर्षं मी हे दुकान ओलांडून जाताना समताला नाक धरायला सांगायचो. पुढे दोन विद्यार्थी, मागे एक आजोबा. पाचव्या शीलात दुसऱ्यासाठी आणून देण्याबद्दल नेमकं काय म्हटलंय, ते घरी गेल्यावर बघायचं. आत्ता नाही.

अश्वजित सायकलवरून चालला होता. मला बघून थांबला. खाली उतरला, सायकल स्टँडला लावली, दोन्ही हात जोडून म्हणाला, जय भीम, सर. मीही म्हटलं. आणखी काही विचारलं नाही त्याने. पोरगा चांगला आहे, त्याला मी किंग्ज डेला उगाच बोललो.

आत काउंटरवर एक बाई. काय हवं विचारलं. म्हटलं, हातांसाठी, झोपेसाठी, माझ्यासाठी नाही, शेजारणीसाठी आहे. त्या म्हणाल्या, सगळे शेजाऱ्यांसाठीच नेतात. मग ट्रूसबाईंनी लिहून दिलेलं नाव दाखवलं, तसं त्यांनी नीट चौकशी केली आणि झोपताना किती घ्यायचं तेही सांगितलं. मी प्रत्येक शब्द परत विचारून घेतला.

पिशवी पुढे करताना त्यांची बाही सरकली. मनगटावर एक पान गोंदलेलं होतं. पंजासारखं, कडा कातरलेल्या. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी हात जरा पुढे धरला, नीट दिसावं म्हणून. मी नीट बघितलं.

अंबाडीच वाटते.